अमेरिकेत संगीताची पदवी: परवडणारी आणि पुढे पोटापाण्याला उपयोगी पडणारी कशी निवडावी

मार्च महिन्याच्या अखेरीस आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवली होती. मुलगी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून किंचित मोठे आणि खालच्या स्वरांचे वाद्य, वाजवते. ऑडिशनचा हिवाळा नुकताच संपला होता आणि दोन ठिकाणी तिची निवड झाली होती. पहिले पत्र एका नावाजलेल्या खासगी कॉन्झर्व्हेटरीचे, म्हणजे संगीताचेच उच्चशिक्षण देणाऱ्या संस्थेचे, होते. त्यात सर्वांत वर ठळक अक्षरांत २८,००० डॉलरची वार्षिक शिष्यवृत्ती लिहिलेली होती आणि ती वाचून घरात आनंदीआनंद झाला होता. दुसरे पत्र आमच्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचे होते आणि त्यातली शिष्यवृत्ती अवघी ४,००० डॉलरची होती. रात्री सगळे झोपल्यावर मी वही घेऊन बसलो. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. खासगी संस्थेचा राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च ७२,००० डॉलर, म्हणजे शिष्यवृत्ती वजा जाता ४४,०००; सरकारी विद्यापीठाचा २७,०००, म्हणजे वजा जाता २३,०००. चार वर्षांचा हिशेब एकीकडे १ लाख ७६ हजार आणि दुसरीकडे ९२ हजार. मोठी शिष्यवृत्ती देणारी संस्था आम्हाला ८४,००० डॉलरने महाग पडत होती.

हे ८४,००० डॉलर कर्जाने उभे केले आणि सात टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९७५ डॉलर होतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या वादकाचे उत्पन्न शिकवण्या, हंगामी कार्यक्रम आणि एखादी अर्धवेळ नोकरी यांतून तुकड्यातुकड्यांनी जमते, आणि त्यात हा हप्ता बसवायचा म्हटले की सर्वांत आधी रियाजाच्या वेळेवर गदा येते. चांगली तयारी असलेली मुले वाद्य बाजूला ठेवून भलत्याच नोकरीला लागतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. म्हणून संगीताची पदवी निवडताना संस्थेच्या नावाआधी दोन गोष्टी पाहाव्यात असे माझे ठाम मत आहे: शिष्यवृत्ती वजा जाता खिशातून जाणारी रक्कम किती, आणि हातात पडणारी पदवी नेमके कोणते काम करण्याचा अधिकार देते. पुढच्या सर्व पायऱ्या या दोन प्रश्नांभोवती रचल्या आहेत.

पायरी १: आधी काम ठरवा, मग पदवी

‘संगीतात पदवी’ हा शब्द ऐकायला एक असला तरी त्याच्या पोटात अगदी वेगवेगळे अभ्यासक्रम असतात आणि त्यांची आर्थिक फळेही वेगळी असतात. अमेरिकेत संगीतसंस्थांना मान्यता देणारी प्रमुख संघटना म्हणजे १९२४ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक; बोलताना तिला सगळे ‘नॅझम’ म्हणतात. तिच्या निकषांनुसार बॅचलर ऑफ म्युझिक, म्हणजे बी.एम., या व्यावसायिक पदवीत साधारण ६५ टक्के अभ्यास संगीताचा असतो. बॅचलर ऑफ आर्ट्स, म्हणजे बी.ए., या पदवीत संगीताचा वाटा ३० ते ४५ टक्के असतो आणि उरलेल्या जागेत दुसरा विषय नीट शिकता येतो. वादन किंवा गायन हाच व्यवसाय करायचा आणि त्यासाठी रोज चार-पाच तास रियाज करण्याची आजच सवय आहे, अशा विद्यार्थ्याने बी.एम.चा विचार करावा. संगणकशास्त्र, अकाउंटिंग, नर्सिंग किंवा मानसशास्त्र यांच्या जोडीला संगीत टिकवायचे असेल तर बी.ए. पुष्कळदा अधिक शहाणपणाची ठरते, कारण बी.एम.सोबत दुसरा मेजर, म्हणजे पदवीचा दुसरा मुख्य विषय, धरला की पुष्कळदा चार वर्षांची पाच होतात. ओबर्लिनसारख्या संस्थेत दोन पदव्यांचा अभ्यासक्रम मुळातच पाच वर्षांचा आहे. तो उत्तम असला तरी पाचव्या वर्षाचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

नोकरीच्या दृष्टीने सर्वांत भक्कम वाट संगीतशिक्षणाची, म्हणजे म्युझिक एज्युकेशनची आहे. या पदवीबरोबर राज्याचा अध्यापन परवाना मिळवण्याची पात्रता येते आणि सार्वजनिक शाळेत बँड, ऑर्केस्ट्रा किंवा कॉयर (समूहगायन) शिकवता येतो. शाळांच्या जिल्हा मंडळांचे वेतनतक्ते उघड असतात. कितव्या वर्षी किती पगार मिळेल, पदव्युत्तर पदवी घेतल्यावर किती वाढेल, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहता येते. संगीतातल्या दुसऱ्या फारच थोड्या वाटांबद्दल असे म्हणता येईल. या अभ्यासक्रमाची एक गोष्ट मात्र पालकांना उशिरा कळते. शेवटचे एक सत्र विद्यार्थी पूर्णवेळ शाळेत शिकवतो, त्याबद्दल सहसा पैसे मिळत नाहीत, उलट त्या सत्राची फी भरावी लागते आणि बाहेरचे अर्धवेळ काम करायला वेळ उरत नाही. त्या सत्राची तरतूद वेगळी करून ठेवावी. शिवाय परवाना राज्याचा असतो, म्हणून ज्या राज्यात पुढे राहायचे आहे तिथे तो कसा ग्राह्य धरला जातो हे आधी पाहावे.

दुसरी निश्चित वाट म्युझिक थेरपीची. अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनने मान्य केलेला अभ्यासक्रम, एकूण १,२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यानंतरची परीक्षा पार केली की बोर्ड सर्टिफाइड म्युझिक थेरपिस्ट होता येते. रुग्णालये, वृद्धाश्रम आणि विशेष मुलांच्या शाळा ही या कामाची ठिकाणे. प्रशिक्षणाचा मोठा भाग असलेली इंटर्नशिप अनेक ठिकाणी बिनपगारी असते आणि तिच्यासाठी दुसऱ्या शहरात राहावे लागू शकते, त्यामुळे तिचा खर्चही पदवीच्याच खर्चात मोजावा.

ध्वनिमुद्रण आणि म्युझिक बिझनेस या अभ्यासक्रमांकडे हल्ली बराच ओढा आहे. त्यांच्याबाबत एकच कसोटी लावावी: इंटर्नशिप कुठे मिळते आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ती कोणाकोणाला मिळाली. चकचकीत स्टुडिओचे फोटो पाहून निर्णय घेऊ नये.

आणखी एक वाट आपल्या लोकांना फारशी माहीत नसते, ती सैन्यदलांच्या वाद्यवृंदांची. अमेरिकी सैन्य हे या देशात वादकांना नोकरी देणाऱ्या सर्वांत मोठ्या ठिकाणांपैकी एक आहे. १७९८ साली स्थापन झालेल्या ‘प्रेसिडेंट्स ओन’ मरीन बँडमध्ये निवड झालेल्या वादकाला स्टाफ सार्जंटचा हुद्दा, नियमित पगार आणि वैद्यकीय सोयी मिळतात. निवड पडद्याआडून होणाऱ्या ऑडिशनवर होते, म्हणून तिथे तुम्ही कोणत्या संस्थेत शिकलात यापेक्षा त्या दिवशी कसे वाजवलेत याला महत्त्व येते.

पायरी २: सरकारी आकडे वाचायला शिका

शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे संकेतस्थळ २०१५ पासून सर्वांसाठी मोफत खुले आहे. कोणत्या संस्थेतून कोणत्या विषयात पदवी घेतलेल्यांचे मध्यम उत्पन्न किती आहे आणि त्यांच्या डोक्यावर कर्ज किती होते, हे तिथे विषयवार पाहता येते. परंतु संगीताबाबत ते वाचताना एक चूक हमखास होते. स्कोअरकार्डवरचे विषय एका राष्ट्रीय वर्गीकरणातल्या संकेतांकांनुसार लावलेले आहेत. वादन, गायन आणि संगीतरचना ५०.०९ या ‘संगीत’ गटात येतात. मात्र संगीतशिक्षकांची पदवी १३.१३ या अध्यापनाच्या गटात मोजली जाते आणि म्युझिक थेरपी ५१.२३ या उपचारविषयक गटात. म्हणजे ‘म्युझिक’ असे टाइप करून आलेले उत्पन्नाचे आकडे पाहताना शिक्षक आणि थेरपिस्ट त्यात नसतात. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने अध्यापनाचे पान उघडावे. संस्थेकडे अभ्यासक्रमाचा हा संकेतांक विचारला की त्या लगेच सांगतात.

आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. स्कोअरकार्डवर उत्पन्न मोजताना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचाच हिशेब होतो. ज्या संस्थेत सधन घरांतली मुले जास्त, तिथले चित्र अपुरे असते. आणि छोट्या संगीत विभागांत पदवीधर इतके कमी असतात की गोपनीयतेसाठी आकडा दाखवलाच जात नाही. कामगार सांख्यिकी विभागही वादक-गायकांचे वेतन तासावर देतो, वार्षिक आकडा देत नाही, कारण यातले अनेक जण वर्षभर पूर्णवेळ काम करतच नाहीत. तासाचा दर पाहून त्याला वर्षाच्या तासांनी गुणण्याचा मोह टाळावा.

या आकड्यांना आता नवे महत्त्व आले आहे. २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने असे ठरवले की, ज्या पदवी अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांचे मध्यम उत्पन्न केवळ हायस्कूल झालेल्या २५ ते ३४ वयाच्या नोकरदारांच्या मध्यम उत्पन्नाहून सलग तीन वर्षांपैकी दोन वर्षे कमी भरेल, त्या अभ्यासक्रमाला केंद्र सरकारचे विद्यार्थिकर्ज मिळणार नाही. कलाविषयांना या अटीची झळ लागण्याची भीती रास्त आहे. प्रवेशाच्या भेटीत ‘तुमचा अभ्यासक्रम या कसोटीवर कुठे उभा आहे?’ असा सरळ प्रश्न विचारावा.

पायरी ३: स्वस्त जागा कुठे शोधायच्या

सर्वांत आधी आपल्या राज्यातील सरकारी विद्यापीठांची यादी करावी आणि त्यांतली नॅझमची मान्यता असलेली निवडावीत. मोठ्या नामांकित विद्यापीठाबरोबरच राज्यातल्या मध्यम आकाराच्या विद्यापीठांकडेही लक्ष द्यावे. त्यांपैकी बऱ्याच संस्था मूळच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालये होत्या, म्हणून त्यांचे संगीतशिक्षणाचे विभाग जुने व पक्के असतात आणि आसपासच्या शाळांतले निम्मे बँड डायरेक्टर त्यांचेच माजी विद्यार्थी निघतात. नोकरीच्या वेळी ही ओळख फार कामाला येते.

दुसऱ्या राज्यात जायचे असेल तर पूर्ण बाहेरच्या दराने फी भरण्याआधी प्रादेशिक सवलतींची चौकशी करावी. पश्चिमेकडील राज्यांच्या ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ योजनेत सहभागी संस्था शेजारच्या राज्यांतल्या विद्यार्थ्याकडून स्थानिक फीच्या, म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांना लागणाऱ्या फीच्या, दीडपटीहून अधिक घेऊ शकत नाहीत. दक्षिणेकडील ‘अकॅडेमिक कॉमन मार्केट’ योजनेत आपल्या राज्यात नसलेला विषय दुसऱ्या राज्यात स्थानिक फीमध्ये शिकता येतो. म्युझिक थेरपीसारख्या विरळ विषयासाठी ही योजना उपयोगी पडू शकते. मध्यपश्चिम आणि न्यू इंग्लंडमध्येही अशाच योजना आहेत. प्रत्येक विषय सवलतीत असतोच असे नाही, म्हणून संगीत विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावी. टेक्सासचा नियम तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे: तिथल्या सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर बाहेरच्या राज्यातील, इतकेच काय परदेशी विद्यार्थ्यालाही, ठरावीक संख्येपर्यंत स्थानिक दराने फी लागू होऊ शकते. डेंटन येथील युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सास, जिथे १९४७ साली देशातली पहिली जॅझ पदवी सुरू झाली, ती याच राज्यात आहे. अशा ठिकाणी छोटी संगीत-शिष्यवृत्ती सुद्धा हजारो डॉलरची फी उतरवते.

बिनफीच्या संस्थाही आहेत. फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कोणाकडूनही शिकवणी फी घेत नाही. लॉस एंजेलिसच्या कोलबर्न कॉन्झर्व्हेटरीत फीबरोबर राहण्याजेवणाचाही भार संस्था उचलते. येल स्कूल ऑफ म्युझिकला २००५ मध्ये १० कोटी डॉलरची देणगी मिळाल्यानंतर तिथली फी माफ झाली. मात्र ती संस्था पदवीनंतरच्या शिक्षणाची आहे. या तिन्ही ठिकाणी जागा मूठभर असतात, तरीही तयारी त्या तोडीची असेल तर अर्ज जरूर करावा. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंटकीमधील बेरिया कॉलेज वेगळेच आहे. तिथे शिकवणी फी नाही, प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते आणि संगीतात बी.ए. करता येते.

गडगंज निधी असलेल्या विद्यापीठांची छापील फी पाहून घाबरू नये. हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिकवणी फी माफ केली आहे. अशा ठिकाणी शिष्यवृत्ती कलेवर मिळत नाही, ती घरच्या गरजेवर ठरते. प्रवेश अतिशय कठीण असतो हे खरे, परंतु मुलाचे गुणपत्रक त्या दर्जाचे असेल तर संगीतातली बी.ए. तिथे राज्याच्या विद्यापीठाहून स्वस्त पडू शकते.

तबला, सतार किंवा हिंदुस्थानी गायन हेच ज्याचे मुख्य अंग आहे, त्याला एक अडचण येते: बहुतेक संगीत विभाग ऑडिशन पाश्चात्त्य वाद्यांवर किंवा गायनावर घेतात. कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठात कर्नाटक संगीत अनेक दशके शिकवले जात आहे आणि कॅलिफोर्नियातील कॅल-आर्ट्समध्ये हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण मिळत आले आहे. अशा थोड्या जागा सोडल्या तर बी.ए. घेऊन आपल्या संगीताची तालीम गुरूंकडे चालू ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला लवकर शिकावे, कारण पहिल्या वर्षाचा थिअरीचा, म्हणजे संगीतशास्त्राचा, वर्ग त्यावरच चालतो.

पायरी ४: खरा खर्च काढा

केंद्र सरकारच्या नियमाने २०११ पासून जवळपास प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावे लागते. घरचे उत्पन्न, बचत आणि गुण भरले की मदत वजा जाता अंदाजे किती भरावे लागेल ते दिसते. अर्जाची यादी पक्की करण्यापूर्वी, म्हणजे अकरावीच्या उन्हाळ्यातच, प्रत्येक संस्थेसाठी हे करावे आणि आकडे एका तक्त्यात लिहावेत. कॅल्क्युलेटरमध्ये संगीताची शिष्यवृत्ती सहसा धरलेली नसते, त्यामुळे मिळणारा आकडा वरची मर्यादा समजावी.

त्या तक्त्यात एक रकाना संगीतातल्या छुप्या खर्चांचा हवा. वैयक्तिक तालमीची वेगळी फी, साथीदार पियानोवादकाचे पैसे, रिसायटलसाठी (विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मैफलीसाठी) सभागृहाचे शुल्क, वाद्याचा विमा आणि दुरुस्ती, तारा किंवा रीड्स (फुंकवाद्याच्या मुखाशी बसणाऱ्या वेताच्या पट्ट्या), मार्चिंग बँडचा गणवेश, उन्हाळी महोत्सवांची फी. आमच्याकडे व्हायोलाच्या धनुष्याचे (बो) केस बदलणे आणि तारांचा नवा संच एवढाच खर्च वर्षाला काही शे डॉलर होतो. ओबो किंवा बॅसून ही फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांच्या घरी रीड्सचा खर्च याहून डोईजड असतो. संस्थेकडून वाद्य वापरायला मिळते का, साथीदार मोफत मिळतो का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे कमी फीच्या स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात, दोन वर्षे काढून मग विद्यापीठात जाण्याचा सल्ला इतर विषयांत उत्तम आहे, संगीतात मात्र तो डोळसपणे घ्यावा लागतो. सामान्य विषयांचे क्रेडिट सुखाने पुढे जातात. थिअरी आणि स्वरज्ञान यांची विद्यापीठ पुन्हा चाचणी घेते आणि त्यात कमी पडल्यास तेच सत्र पुन्हा करायला लावते. बी.एम.मध्ये वैयक्तिक तालमीची पातळीवार साखळी बहुधा आठ सत्रांची असते आणि बाहेरून आलेल्याला कोणत्या पातळीवर बसवायचे हे ऑडिशनवर ठरते. दोन अधिक दोनऐवजी दोन अधिक तीन वर्षे झाली तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. यावर उपाय असा की, कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्याच सत्रात ज्या विद्यापीठात जायचे आहे तिथल्या संगीत विभागाच्या सल्लागाराला भेटून कोणती थिअरी, कोणता पियानो वर्ग आणि किती सत्रे ग्राह्य धरली जातील, याची लेखी नोंद मागावी. हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या एपी परीक्षांचेही तसेच आहे. त्यांनी इतर विषयांचा भार हलका होतो आणि रियाजाला वेळ मिळतो, पण तालमीची साखळी आखूड होत नसल्याने पदवी लवकर संपेलच असे नाही.

पायरी ५: शिक्षक पाहा आणि त्याचे जुने विद्यार्थी शोधा

संगीतात आपण संस्थेपेक्षा शिक्षकाकडे शिकायला जातो हे आपल्या परंपरेला नवे नाही. अमेरिकेतही चार वर्षे आठवड्यातून एक तास ज्याच्यासमोर बसायचे तो माणूस कोण, यावर पुष्कळ काही ठरते. आणि नामवंत ऑर्केस्ट्रातला एखादा वादक खासगी कॉन्झर्व्हेटरीबरोबर जवळच्या सरकारी विद्यापीठातही शिकवत असतो, हे शोधल्यावर कळते. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात किंवा शरद ऋतूत शिक्षकाला नम्र ईमेल पाठवून एक चाचणी-तालीम मागावी. काही जण ती मोफत देतात, काही फी घेतात.

मुलीच्या अशा एका तालमीला मी दाराशी बसलो होतो. त्या प्राध्यापिकेने पहिली वीस मिनिटे कॉन्सर्टो ऐकलाच नाही. तिने मुलीला एकच लांब स्वर अख्ख्या धनुष्यावर ओढायला लावला, मग तिचा अंगठा धनुष्याच्या काठीवर किंचित सैल करवला आणि पुन्हा तोच स्वर. तिसऱ्या-चौथ्या वेळी स्वर असा भरून आला की मुलीने वाजवणे थांबवून तिच्याकडे पाहिले. हे सरकारी विद्यापीठात, गालिचा विरलेल्या एका छोट्या खोलीत घडले. इमारतींवरून मत बनवू नये असे मी सांगतो ते या अनुभवावरून.

तालमीनंतर शिक्षकाला हे प्रश्न विचारावेत: तुम्ही पूर्णवेळ आहात की तासिका तत्त्वावर? पुढच्या चार वर्षांत रजेवर किंवा निवृत्त होणार आहात का? तालीम तुम्ही स्वतः द्याल की तुमचे पदव्युत्तर विद्यार्थी देतील? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून पदवी घेतलेले विद्यार्थी आज काय करतात? चांगला शिक्षक या प्रश्नावर खुलतो आणि नावानिशी सांगू लागतो. त्यांपैकी दोन-तीन जणांशी बोलण्याची परवानगी मागावी. त्यांना पगार विचारणे अवघड वाटते, तेव्हा ‘सगळे उत्पन्न संगीतातूनच येते का आणि कर्ज किती उरले आहे’ एवढे विचारले तरी पुरेसे कळते. संस्थेच्या माहितीपत्रकात झळकणारे तीन यशस्वी माजी विद्यार्थी पाहण्यापेक्षा एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दहा सामान्य विद्यार्थ्यांचे काय झाले हे जाणून घेणे शंभरपटीने मोलाचे आहे.

पायरी ६: वेळापत्रक

संगीताचे अर्ज इतर विषयांच्या आधी धावतात. ध्वनिचित्रमुद्रणाची प्राथमिक फेरी, म्हणजे प्रीस्क्रीन, साधारण १ नोव्हेंबर ते १ डिसेंबरच्या दरम्यान द्यावी लागते. प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत होतात. बऱ्याच संस्थांनी प्रीस्क्रीनच्या अटी समान केल्या आहेत, त्यामुळे एकच मुद्रण अनेक ठिकाणी चालते. केंद्रीय मदतीचा फॅफ्सा अर्ज साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो आणि तो मोफत असतो. काही खासगी संस्था त्याशिवाय सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक माहितीचा आणखी एक अर्जही मागतात. काही राज्यांची मदत आधी येणाऱ्याला आधी मिळते, म्हणून फॅफ्सा ऑक्टोबरातच भरून टाकावा.

यादी आटोपशीर ठेवावी. विमानप्रवास, हॉटेल आणि अर्जशुल्क मिळून ऑडिशनचा हिवाळा सहज काही हजार डॉलर खातो. सहा-सात संस्था पुरेत, त्यांपैकी किमान दोन अशा हव्यात जिथे प्रवेश जवळपास निश्चित आहे आणि खर्चही झेपणारा आहे.

पायरी ७: शिष्यवृत्तीचे पत्र वाचणे आणि पुन्हा मागणे

आमच्या घरी आलेल्या त्या खासगी संस्थेच्या पत्रात ‘एकूण मदत’ ३३,५०० डॉलर लिहिली होती. २८,००० शिष्यवृत्तीचे आणि ५,५०० केंद्रीय कर्जाचे, दोन्ही एकाच रकान्यात बेरीज करून! कर्ज ही मदत नव्हे. पत्र हातात येताच पेन घेऊन तीन खुणा कराव्यात: जे परत करावे लागत नाही ते, जे काम करून मिळवायचे ते, आणि जे व्याजासह फेडायचे ते. फक्त पहिला भाग खर्चातून वजा करावा.

त्यानंतर अटी वाचाव्यात. शिष्यवृत्ती चारही वर्षे मिळेल की पहिल्याच वर्षी? किती सरासरी गुण राखावे लागतील? कोणत्या वाद्यवृंदात वाजवणे बंधनकारक आहे? मेजर बदलला तर ती जाते का? बाहेरची एखादी शिष्यवृत्ती मिळाली तर संस्था आपली तेवढीच कमी करते का? आणि फी दरवर्षी वाढत असताना शिष्यवृत्ती तेवढीच राहणार असेल, तर चौथ्या वर्षाचा आकडा पहिल्या वर्षापेक्षा बराच मोठा होतो हेही मांडून पाहावे.

आलेला आकडा अंतिम असतो असे समजू नये. दुसऱ्या संस्थेचे चांगले पत्र हातात असेल किंवा घरची परिस्थिती बदलली असेल, तर संगीत विभागाच्या प्रवेश कार्यालयाला आणि आर्थिक मदत कार्यालयाला वेगवेगळी पत्रे लिहावीत, कारण दोघांच्या थैल्या वेगळ्या असतात. पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, थोडक्यात लिहावे आणि किती रकमेत प्रवेश घेणे शक्य होईल तो आकडा स्पष्ट लिहावा. ज्या वाद्याचा वादक त्या वर्षी वाद्यवृंदाला हवा असतो, उदाहरणार्थ व्हायोला, बॅसून, ओबो किंवा डबल बास, त्याच्यासाठी विभाग जास्त ताणून पाहतो. आमच्या मुलीला अशा पत्रानंतर सरकारी विद्यापीठाने आणखी २,५०० डॉलर वाढवून दिले.

पायरी ८: कर्जाची रेघ

पालकांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे थेट कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंत मिळते. चार वर्षांत ते २७,००० होते. एकूण मर्यादा ३१,००० आहे. संगीताच्या विद्यार्थ्याने ही रेघ ओलांडू नये, असा माझा आग्रह आहे. त्याच्या पलीकडे खासगी कर्ज किंवा पालकांच्या नावावरचे पॅरेंट प्लस कर्ज येते. १ जुलै २०२६ पासून पॅरेंट प्लसच्या नव्या कर्जावर वर्षाला २०,००० आणि एका विद्यार्थ्यामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे, आणि त्याच दिवसापासून पदव्युत्तर शिक्षणासाठीचे ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांना बंद झाले आहे. मास्टर्सचा विचार करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. संगीतातले मास्टर्स आणि डॉक्टरेट शक्यतो असिस्टंटशिप मिळाली तरच करावे, म्हणजे फी माफ होते आणि वर्ग घेण्याच्या किंवा साथ करण्याच्या बदल्यात मानधनही मिळते. सरकारी विद्यापीठांत अशा जागा असतात. पदवीला वाचवलेले पैसे या टप्प्यावर उपयोगी पडतात.

सार्वजनिक शाळेत किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याचे केंद्रीय कर्ज पात्र असे १२० मासिक हप्ते भरल्यावर माफ होऊ शकते. संगीतशिक्षक आणि ना-नफा ऑर्केस्ट्रातले पूर्णवेळ कर्मचारी त्यात बसतात. खासगी बँकेचे कर्ज यात येत नाही, म्हणून कर्ज घ्यायचेच तर आधी केंद्रीय घ्यावे.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना केंद्रीय मदत आणि केंद्रीय कर्ज सहसा मिळत नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसाधारक पालकांवर अवलंबून असल्याच्या व्हिसावर, असलेल्या मुलांना स्थानिक फी द्यायची की नाही हे प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी ठरवते, म्हणून विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. भारतातून एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट तपासावी: पदवीनंतर कामाची मुभा सर्वांना १२ महिन्यांची असते आणि त्यापुढची २४ महिन्यांची वाढ फक्त विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या संकेतांकांना मिळते. वादन आणि गायन त्या यादीत नाहीत. बारा महिन्यांत कर्ज फिटत नाही, तेव्हा भारतातून मोठे कर्ज काढून अमेरिकेत वादनाची पदवी घ्यायला येणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पायरी ९: पहिल्या सत्रापासून कमाईची सवय

पदवी फायद्याची ठरते ती चार वर्षांच्या आत सुरू झालेल्या छोट्या कामांमुळे. नोटेशन पाहताक्षणी वाजवता येणाऱ्या पियानोवादकाला पहिल्याच वर्षी साथीची कामे मिळतात, कारण प्रत्येक गायकाला आणि वादकाला साथीदार लागतो. गायकांना आणि ऑर्गनवादकांना चर्चमध्ये पगारी जागा असतात. इतरांनी आठवड्याला दोन-तीन लहान मुलांची शिकवणी धरावी. शिकवताना आपले स्वतःचे तंत्रही स्वच्छ होते. वैकल्पिक विषयांत हिशेब ठेवणे, करारपत्र वाचणे आणि ध्वनिमुद्रणाची मूलभूत साधने एवढे तरी घ्यावे. स्वतंत्र काम करणाऱ्याला कर स्वतः भरावा लागतो आणि पहिल्या वर्षी त्यातच बहुतेकांची तारांबळ उडते.

बहुतेक संस्थांत निर्णय कळवण्याची मुदत १ मे असते. ठेवीचे पैसे भरण्यापूर्वी फोनवर मिळालेली प्रत्येक तोंडी कबुली, मग ती साथीदाराची असो, वाद्य वापरायला देण्याची असो की शिष्यवृत्तीतल्या वाढीची, ईमेलने लिहून मागावी आणि ते ईमेल, शिष्यवृत्तीचे पत्र व चार वर्षांचा तक्ता एकाच फाइलमध्ये ठेवावा. दरवर्षी जुलैत फीचे बिल आले की तीच फाइल उघडून बिल ओळीओळीने ताडून पाहावे. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या बिलात ती वाढीव २,५०० डॉलरची ओळ आलीच नव्हती. ईमेल दाखवल्यावर तीन दिवसांत ती जोडली गेली.